वर्गमुळाच्या पुढे

नात रीना दर रविवारी तेलीबांध्याहून माझ्याकडे येते. एक आठ अंकी संख्या मूळ संख्या आहे का, हे आम्ही दोघं वहीत भागाकार करून तपासतो. सूनबाईंनी बजावलंय, "बाबा, तुमचं हे संपलं की रविवारी हिची ट्यूशन लावायची आहे."

वर्गमुळापर्यंत कशानेच भाग गेला नाही, तर पुढे तपासायचं कारण उरत नाही. ते वर्गमूळ आम्ही दिवाळीतच ओलांडलं. मनगट दुखतं, तरी मी भागतोच आहे. पोरीला फसवतोय, असं वाटून आज सांगणार होतो. धीर झाला नाही.

 

जाताना चप्पल घालत तीच हळूच म्हणाली, "आजोबा, वो वर्गमूल वाली बात मम्मी को मत बताना."