ओडिलचे प्रश्न

बसमधून सासू उतरताना दिसली आणि कोरीनची सुरी कालवाच्या शिंपल्यात तशीच अडकून राहिली.

रविवार होता. काँकाल गावच्या धक्क्यावर माणसांची झुंबड होती. ओहोटीनं समुद्र पार लांब गेला होता. लोक कठड्यावर बसून, लिंबू पिळून कालवं खात होते आणि रिकामे शिंपले खाली भिरकावत होते. त्या गर्दीतून ओडिल सरळ ठेल्याकडे येत होती. गळ्यापर्यंत बटणं लावलेला करडा कोट, नीट बसवलेले केस. चर्चला निघाल्यासारखी.

"कोण गं ती?" ठेल्याची मालकीण जोसियान म्हणाली. "तुझा चेहरा का उतरला?"

"माझी सासू आहे."

"देवा रे! मग सुरी ठेव इथंच. नाहीतर पोलीस मलाच धरतील."

कोरीन हसली नाही. याआधी ती दोनदा नवऱ्याला, यानिकला, सोडून बहिणीकडे गेली होती, आणि दोन्ही वेळा याच बाईनं तिला परत फुजेरला, सासरी, नेलं होतं. आरडाओरडा न करता. शेजारी बसायची, हात हातात घ्यायची आणि हळूच म्हणायची, "यानिकचे बाबा तरी कुठे वेगळे आहेत? हात उचलतात, मग स्वतःच रडत बसतात. मी निभावलंच ना?" दुसऱ्यांदा परत गेली तेव्हा यानिकनं तिचं मनगट मोडलं. त्या वेळी ती दवाखान्यातून घरी गेलीच नाही. प्लास्टर घातलेल्या हातानं, जी बस आधी सुटली तीत चढली. ती बस समुद्राकडे येणारी निघाली.

इथं तिला कुणी ओळखत नव्हतं. चाळिशी उलटलेल्या बाईला काम द्यायला जोसियाननं आधी नाक मुरडलं होतं. प्लास्टर निघालं तरी सुरुवातीला सुरी घसरायची, बोटं कापायची, मिठानं झोंबायची. रडत रडत ती दुसरं कालव उचलायची. आता तिच्यासमोर रांग लागत होती, आणि कालच जोसियाननं तिला कायमचं ठेवून घेतलं होतं. हे सगळं ती कुणाच्याही गोड बोलण्यावर सोडणार नव्हती.

ओडिल समोर येऊन उभी राहिली. कोरीननं तिला बोलूच दिलं नाही.

"मी परत येणार नाही. आधीच सांगते."

"आधी टेकू तर दे. बसमध्ये कंबर धरली."

दोघी कठड्यावर बसल्या. कोरीननं मुद्दाम मध्ये अंतर ठेवलं.

"माझा पत्ता कुणी दिला?"

"तुझ्या बहिणीनं. तिच्यावर चिडू नकोस. मी फार रडले तिच्यापुढे."

म्हणजे रडणंही कामाला लावलंय, कोरीनच्या मनात आलं.

"राहतेस कुठे?" ओडिलनं विचारलं.

"या ठेल्यामागच्या दुकानाच्या वर. एक खोली आहे."

"मोठी आहे का?"

"मला पुरते."

"दाराला कडी आहे ना नीट? आतून लागते?"

कोरीन सावध झाली. कशासाठी विचारतेय ही? कुणाला जाऊन सांगणार आहे?

"लागते. किल्ली फक्त माझ्याकडे आहे. आणि खाली दिवसभर जोसियान असते. सांगा यानिकला."

ओडिलनं मान हलवली. मग ठेल्याकडे बघत म्हणाली, "आणि हे काम या वयात झेपतं? थंडीत उभं राहायचं, बोटं पाण्यात?"

"झेपतं."

"हात दुखत नाहीत?"

"दुखतात. तिथंही दुखायचेच!" कोरीनचा आवाज चढला. दोन गिऱ्हाइकांनी मागे वळून पाहिलं, पण तिला आता कुणाची पर्वा नव्हती. "इतकी वर्षं तुम्ही मला समजावत आलात. आज माझं ऐका. जिथं मार खावा लागतो, तिथं राहायचं नसतं. तो रडला तरी राहायचं नसतं. उठायचं आणि निघायचं. वय बघायचं नाही, लोक काय म्हणतील ते बघायचं नाही. भीती वाटते, मला तर आजही वाटते. पण सकाळी उठले की कुणाच्या पावलांचा कानोसा घ्यावा लागत नाही. हे मी सोडणार नाही. तुम्ही पाया पडलात तरी नाही."

ओडिलनं नेहमीसारखा तिचा हात धरला नाही. स्वतःचेच दोन्ही हात मांडीवर घट्ट आवळून ती लांब गेलेल्या समुद्राकडे बघत राहिली.

रस्त्याच्या टोकाला बसनं भोंगा वाजवला. आलेली माणसं लगबगीनं परत चढू लागली.

कोरीन उठली. ओल्या एप्रनला हात पुसत म्हणाली, "तुमची बस निघाली. यानंतरची थेट संध्याकाळी आहे. चला, सोडते तुम्हाला."

ओडिल जागची हलली नाही.

"ऐकताय ना? बस जाईल."

"जाऊ दे," ओडिल म्हणाली. "मी त्या घरी परत जाणार नाहीये, कोरीन. तुझ्या खोलीत माझी एक गादी मावेल का गं?"