गावची माती

इंडोनेशियातल्या योग्याकार्ताच्या विद्यापीठात सिरॅमिक्सच्या तिसऱ्या वर्षाला रेत्नो मॅडमनी काम दिलं होतं: विकतची माती चालणार नाही, आपापल्या गावची माती आणायची आणि तिचा वाडगा घडवून भाजायचा. सगळे कामाला लागले. वेनिंग मात्र दहा दिवस गायब होती. आली ती थेट चाकावर बसली.

"काय गं, माती आणायला चालत गेली होतीस का?" वर्गातल्या बागसनं टोमणा मारला. चाक थांबलं, तरी तिचे हात मातीवरून निघेनात.

भट्टी उघडली तेव्हा निम्म्या वाडग्यांना तडे गेले होते. वेनिंगचा अखंड निघाला. मॅडमनी त्यावर नखानं टिचकी मारली. घंटेसारखा नाद आला.

"इतकी चिकण, आणि एक खडा नाही! वरच्या थरात अशी माती मिळत नाही. किती खोल खणलंस गं?"

"माझ्या छातीइतकं, मॅडम."

"एकटीनं?"

"नाही. सगळी आळी आली होती. मी नुसती कडेला उभी होते. वर आलेल्यातली थोडी रुमालात बांधून घेतली."

"बघा रे, गावाची साथ म्हणतात ती अशी!" मॅडमना फार कौतुक वाटलं. "घरी दाखवशील ना वाडगा? बाबा काय म्हणतील?"

वेनिंगनं वाडगा दोन्ही हातांनी छातीशी धरला.



"खड्डा त्यांच्यासाठीच खणला होता, मॅडम."