ओढणीखालचा जोकर

"तुमच्या आईंना आम्ही एकदाही हरू दिलेलं नाही," वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिका गोगटेबाई कौतुकाने म्हणाल्या.

"तीच तर माझी तक्रार आहे," निहार म्हणाला.

रूपालीबाईंबरोबर दुपारी रमी खेळायला एक रोबो बसायचा. त्यांना खूश ठेवणं हे त्याचं काम. म्हणून तो मुद्दाम हरायचा, आणि त्यांनी ओढणीखाली जोकर सरकवला की छताकडे बघायचा. हल्ली त्यांनी पत्त्यांना हात लावणंच सोडलं होतं. जेवणाचं ताटही अर्धं परत जात होतं.

"तिची लबाडी पकडायला सांगा त्याला. घरी आम्ही सगळे पकडायचो."

"अहो, चिडतील त्या."

"चिडू द्या की."

गोगटेबाईंनी नाइलाजाने रोबोला तशी सूचना दिली.

पुढच्या रविवारी निहार आला, तेव्हा आई तावातावाने पत्ते पिसत होती. बाजूचं ताट चाटूनपुसून रिकामं होतं.

"या मेल्याने पकडलं मला," ती त्याच्या कानात कुजबुजली. "तू असा इकडे बस. त्याच्या आणि माझ्या मध्ये."