बारा डब्यांपुरता फ्रिज

“एवढा मोठा कशाला?” मॅनेजरबाईंनी माहितीपत्रकावर बोट ठेवलं.

स्टोअरकीपरला प्रश्नच कळेना. कारखान्याच्या जेवणाच्या खोलीतला जुना फ्रिज वीज खात होता. नवा निवडायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. आठ दिवस त्याने दुकानं पालथी घातली. प्रत्येक दारावरचं वीजबचतीचं लेबल वाचलं. सर्वांत कमी वीज खाणारा आणि तीस जणांचे डबे मावतील असा फ्रिज त्याने हुडकून काढला होता.

“बाई, तीस डबे असतात. याहून लहान घेतला तर...”

“बारा धरा. मोठा फ्रिज रिकामा चालवायचा म्हणजे वीज फुकट.”

बाई शांतपणे पेनाचं टोपण काढत होत्या. तिसातले अठरा जण कामावरून जाणार, हे त्याच्या ध्यानात आलं.

“कधीपासून?”

“एक तारखेपासून. बाहेर बोलू नका. स्टोअरमध्ये तुम्ही दोघं. मला एकच माणूस हवाय. कोणाला ठेवू?”

दोघं म्हणजे तो आणि अण्णा. अण्णांनीच त्याला इथे चिकटवलं होतं. चौदा वर्षं दोघं एका बाकावर बसून जेवत होते. त्याची बायको हॉस्पिटलमध्ये होती, तेव्हा महिनाभर अण्णा घरून दोन डबे आणायचे. एक त्याच्यासाठी.

त्याने माहितीपत्रकाची घडी घातली.

“अण्णांचा हात आता पूर्वीसारखा चालत नाही,” तो म्हणाला. मग त्याने आणखी पुढे रेटलं. “विसरतातही फार. परवा अख्खी पेटी भलत्याच गाडीत चढवली. मी निस्तरलं, म्हणून बोभाटा झाला नाही.”

पेटी त्यानेच चढवली होती. निस्तरलं होतं अण्णांनी.

“म्हणजे तुम्हाला ठेवू?”

“हो, बाई.”

बाईंनी कागदावर एक रेघ ओढली. तो उठला. जीव भांड्यात पडला होता.

“बरं झालं, वाद उरला नाही,” मान वर न करताच बाई म्हणाल्या. “सकाळी अण्णांनाही हेच विचारलं होतं. तेही म्हणाले, त्यालाच ठेवा.”