झाकलेला विस्तव

"चकमक तू फेकलीस, आग याने विझू दिली. आता पेटवायची कोणी, मी?" वेदिकाने विचारले.

रविराज दरीकडे पाहू लागला. चकमक त्यानेच रागाच्या भरात भिरकावली होती, आणि ती जिथे गेली त्या दरीचा तळ दिसत नव्हता.

हरसूलच्या पुढच्या त्या डोंगरावर टीव्हीच्या खेळातल्या बाराजणांतले चौघे उरले होते. आज एकोणिसावा दिवस. समोरच्या सुळक्याला सूर्य टेकेल तेव्हा चूल पेटती असली पाहिजे, नाहीतर चौघांनीही घरी जायचे, असा खेळाचा नियम होता. दुपारी पहाऱ्यावर बसलेल्या किशोरचा डोळा लागला, अवकाळी सर कोसळली, आणि चुलीत चिखल झाला. त्यानंतर, नेहमीप्रमाणे, कोणाला काढायचे याच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या पेटीत पडल्या. पेटी सूर्यास्तानंतर उघडायची होती. पण आत काय आहे याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती.

"याला विंचूरच्या बाजारात कांद्याच्या ढिगावर झोपायची सवय," रविराज म्हणाला. "लिलाव होईपर्यंत उठायचं नाही."

किशोर मान खाली घालून बसला होता. बाजार समितीत तो पावत्या लिहीत असे. इथेही प्रत्येकाची कामे खडकावर कोळशाने तोच लिहायचा. त्याचे अक्षर गोल, ठसठशीत. नावाखाली एक लांब रेघ. पावसाने आजची नावे पुसली होती, रेघा तेवढ्या उरल्या होत्या.

"आग हाय," चौघांतले सर्वांत वयस्कर पुंजाराम म्हणाले.

"काका, तुम्ही जरा गप्प बसा," रविराज म्हणाला.

"तासभर तेच करतोय. आता सरका."

पुंजारामांनी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बत्तीस वर्षे बॉयलरवर काढली होती. ते चुलीजवळ गुडघे टेकून बसले आणि कडेचा चपटा दगड त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. सकाळी भात उतरल्यावर त्याच दगडाखाली, राखेत, त्यांनी खैराची एक धगधगती गाठ आणि दोन वाळक्या रानशेण्या पुरल्या होत्या. "काका, देव पुरताय का?" असे तेव्हा रविराजने विचारले होते, आणि सगळे हसले होते. किशोरसुद्धा.

"बॉयलर नंतर भेटला," ते म्हणाले. "हे आईचं. रातच्याला झाकायची, सकाळी उघडायची. आमच्या घरात काडेपेटी वर्सभर पुरायची."

वरची राख ओली होती. ती त्यांनी बोटाने बाजूला केली. तिच्याखालची दमट होती, आणि तिच्याखालची इतकी कोरडी व मऊ, की बोट आत गेले तरी तिचा आवाज झाला नाही. मग त्यांचे बोट थांबले.

तळाशी तांबूस काहीतरी होते. ज्वारीच्या दाण्याएवढे. ते मंद होई आणि पुन्हा उजळे; जणू एवढा पाऊस, एवढे भांडण त्याच्या कानीच गेले नव्हते.

"कोणी जोरात बोलू नका," पुंजाराम म्हणाले. "शब्दाचा वारा लागतो त्याला."

एकोणीस दिवसांत प्रथमच त्या चुलीभोवती कोणी बोलत नव्हते. चौघांनी डोकी एकमेकांना लागतील इतकी जवळ आणली. वेदिकाने पाठ वाऱ्याकडे केली. रविराजने ओले लाकूड फोडून त्याच्या पोटातल्या ढलप्या काढल्या आणि एकेक पुढे सरकवली. ढलप्या काळवंडल्या, धुमसल्या, पेटल्या नाहीत. दाणा लहान होऊ लागला.

"कागद पाहिजे. कोरडा. एवढा चिटोरा असला तरी चालंल."

कपडे भिजलेले, गवत भिजलेले. वेदिकाची नजर पेटीकडे गेली. ती वकिली करत असे. नियम तिला पाठ होते.

"ती फोडली तर मतदान रद्द," ती कुजबुजली. "आज मग कोणालाच काढता येणार नाही."

रविराजने किशोरकडे पाहिले. सूर्य सुळक्यापासून चार बोटे वर होता. रविराजने दगड उचलला आणि पेटीच्या कडीवर घातला.

"अहो, थांबा! पेटीला हात लावायचा नाही!" कॅमेऱ्यामागून कोणी ओरडले.

"ओरडू नका, साहेब," मागे न वळता पुंजाराम म्हणाले. "विस्तव हाय."

मागचा आवाज थांबला.

पहिली चिठ्ठी कोरी निघाली. ती कोणाची, हे कोणी विचारले नाही. तिच्या कोपऱ्याला तांबडी किनार आली, किनार सरकत गेली, आणि पुंजारामांच्या लांब, संथ फुंकरीखाली एकाएकी पिवळी ज्योत उभी राहिली. वेदिकाच्या तोंडून "आई गं" एवढेच निघाले. ढलप्यांनी ज्योत घेतली. रविराजने उरलेल्या तीन चिठ्ठ्या, घडी न उलगडता, तिच्यात टाकल्या.

घड्या उष्णतेने आपोआप उलगडल्या. कागद काळे पडले, आणि त्या काळ्यावर शाईची अक्षरे रुपेरी होऊन वर आली. पहिले नाव किशोर. रविराजने आपले अक्षर ओळखले आणि नजर हटवली. दुसरे नाव किशोर. वेदिकाने त्यावर एक ढलपी सरकवली.

तिसरी चिठ्ठी सर्वांत शेवटी उलगडली. तिच्यावरही तेच नाव होते. गोल, ठसठशीत, खाली एक लांब रेघ.

सूर्य सुळक्याला टेकला. शिट्टी वाजली. चूल धडधडून पेटली होती, तरी कोणी उठले नाही. दरीतून वाऱ्याची एक झुळूक वर आली, तेव्हा रविराजने घाईने दोन्ही हात पुढे करून आडोसा धरला. ज्योतीला त्याची आता गरज नव्हती. त्याच्या तळव्यांच्या आड काळी, पूर्ण जळालेली ती चिठ्ठी अजून अखंड उभी होती.