मेंढा न कापलेलं घर

“बारा वर्षं प्रांत चालवलाय त्याने, सरकारी पैसा कधी उधळला नाही. राष्ट्राध्यक्ष असाच हवा,” असं टोक्तोसुन महिनाभर चायखान्यात सगळ्यांना पटवत होता.

प्रचाराला तो उमेदवार गावात आला, तो थेट टोक्तोसुनच्याच घरी. टोक्तोसुन मेंढा कापायला उठला, तर पाहुण्याने त्याचा हात धरला. “कशाला खर्च, आक्साकाल बाबा? चहा आणि नान पुरे.”

“तुझ्या दारातून पाहुणा मटणाविना गेला!” शेजारचा काल्मात गावभर हसत सुटला. “निवडून आला, तर आपल्या मयताच्या जेवणाला कापायचा घोडाही वाचवेल हा!”

टोक्तोसुनला चायखान्यात तोंड दाखवायची लाज वाटू लागली. मतदानाच्या दिवशी पडद्याआड त्याने रागाने दुसऱ्याच नावावर खूण केली.

निकाल लागला. त्या उमेदवाराला गावातून एकच मत पडलं होतं. काल्मात घरी आला, टोक्तोसुनचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, “हसलो खरा तुला, पण शब्दाला जागणारा तू एकटाच निघालास.”

तो गेल्यावर टोक्तोसुनची बायको चहा ओतता ओतता थांबली.

“एकच कसं हो?” ती काळजीने म्हणाली. “माझं मोजायचं राहिलं वाटतं.”