आठ रिकामी काडतुसं

मेडशीच्या जगदेवकडे पीकराखणीची परवान्याची बंदूक होती. रिकाम्या काडतुसासोबत मारलेल्या रानडुकराची शेपटी कचेरीत दाखवायची, असा नियम. सहा वर्षांच्या वहीत काडतुसं अठ्ठेचाळीस, शेपट्या सेहेचाळीस. या संक्रांतीला मात्र त्याने टेबलावर आठ रिकामी काडतुसं ठेवली. शेपटी एकही नाही.

"असा नेमबाज आठ वेळा चुकतो?" अंमलदार कडाडला. "स्वराज्याच्या चळवळीतल्या पोरांना बंदूक शिकवतोस होय रे?"

खरं सांगावं तर परवाना जाणार आणि डुकरं सगळी तूर फस्त करणार. न सांगावं तर तुरुंग.

"शिकवून नाई राह्यलो साहेब, शिकून राह्यलो," जगदेव कसाबसा बोलला. "दिवाळीत बायको मेली माही. नेम तिचा होता."